अपघात उद्या झाला असं सांगाल का?

मे महिना संपत आला होता. म्हसळ्याच्या बाजारात भाजी घेतली, गाडीत बसले आणि मागे नीट न बघताच रिव्हर्स टाकला... धप्प आवाज आला.

उतरून बघते तर रशीदचाचा रस्त्यावर बसलेले. आमच्या शाळेचे युनिफॉर्म शिवणारे टेलर, वय साठीच्या पुढचं. उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं होतं, आणि निळ्या कापडाचं गाठोडं बाजूला सुटून पडलं होतं.

लोक जमले. त्यांची मुलगी नसीमा समोरच्या त्यांच्या दुकानातून धावत आली. दोघांना गाडीत घेऊन मी ग्रामीण रुग्णालयात निघाले.

खरं सांगते... वाटेत माझ्या डोक्यात चाचांचा हात नव्हता. माझ्या गाडीचा विमा दोन महिन्यांपूर्वीच संपला होता, एवढंच डोक्यात होतं.

संपला म्हणजे मीच संपू दिला. आदल्या वर्षी मी दोनदा गाडी ठोकली होती, एकदा शाळेच्या गेटला आणि एकदा घाटात कठड्याला. दोन्ही वेळा क्लेम घेतला. रिन्यूअलच्या वेळी प्रीमियम वाढलेला दिसला म्हणून एजंटला फोन लावला, तर तो म्हणाला, "मॅडम, दोन क्लेम झालेत ना, क्लेम न घेतल्याचा बोनस गेला. कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आता जास्त जोखमीच्या ड्रायव्हर."

मला असा राग आला! बावीस वर्षं शाळेत शिकवतेय, सगळा तालुका मला बाई म्हणून ओळखतो, आणि हा मला जोखमीची म्हणतो? "मग नकोच मला तुमचा विमा," म्हणून फोन आपटला. तो "अहो, निदान थर्ड पार्टी तरी..." असं काहीतरी म्हणत होता. ते मी ऐकूनच घेतलं नाही.

माझी समजूत अशी की विमा म्हणजे माझ्या गाडीची काळजी. पत्रा चेपला तर चेपला, माझं मी बघेन... समोरच्या माणसाचा विचार त्यात कुठे नव्हताच.

रुग्णालयात नसीमा केसपेपर काढायला रांगेत उभी राहिली. चाचांना बाकावर बसवून मी कोपऱ्यात गेले आणि मोबाईलवर नवी पॉलिसी काढली. पाच मिनिटांत झालं सगळं. खाली लिहिलं होतं, विमा आज रात्री बारापासून लागू.

आणि मग मी जे केलं, ते तसंच लिहिते.

मी चाचांच्या शेजारी जाऊन बसले. हळूच म्हटलं, "चाचा, आज नुसतं घरी पडलो म्हणून सांगाल का? उद्या आपण अपघाताची नोंद करू. उद्या सकाळी झाला म्हणून... म्हणजे तुम्हालाही विम्यातून भरपाई मिळेल."

तुम्हालाही! काय शब्द निवडला होता मी.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मनगट एव्हाना टम्म सुजलं होतं, कपाळावर घाम होता. ते म्हणाले, "बाई, मग हात उद्यापर्यंत असाच ठेवायचा काय?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते. बाई सांगतायत म्हणजे तसंच करावं लागत असेल, असं त्यांना वाटलं होतं.

मला तिथे बसवेना. उठून खिडकीपाशी गेले आणि केसपेपर लिहिणाऱ्याला सांगितलं, "गाडीचा अपघात आहे. आत्ताच झालाय, बाजारात. गाडी माझी, चूक माझी." नसीमा वळून माझ्याकडे बघत राहिली.

पुढचं जे व्हायचं ते झालं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, अलिबागला ऑपरेशन करावं लागलं. केस झाली. माझी गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहिली, आणि शाळा उघडल्यावर माझीच मुलं येता-जाता ती बघायची. हवालदारांनी विचारलं, "बाई, तुमच्याकडे पण विमा नाय?"

तो एजंट काय सांगत होता, ते मला वकिलांनी समजावलं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घ्यायचा की नाही ही आपली मर्जी. पण थर्ड पार्टी विमा कायद्याने लागतोच, आणि तो वेगळा घेता येतो. रेकॉर्ड कितीही वाईट असलं तरी. आपण ज्याला धडकतो, त्याच्यासाठी असतो तो... मी रागाच्या भरात चाचांच्या वाटणीचं छत्र काढून टाकलं होतं.

उपचाराचा खर्च मी केला, भरपाईही मीच देतेय. त्यात मोठेपणा काही नाही, ते देणंच आहे माझं. पण त्या वर्षीचे युनिफॉर्म दुसऱ्या टेलरकडे गेले, आणि चाचांचा अंगठा अजून पुरता वळत नाही. काजं-बटणं आता नसीमा करते.

मागच्या आठवड्यात धीर करून दुकानात गेले. नसीमाने चहा आणला. ती आत गेल्यावर मी म्हटलं, "चाचा, त्या दिवशी बाकावर मी जे बोलले..."

त्यांनी डाव्या हाताने मला थांबवलं. दाराकडे बघून आवाज खाली आणला. "ते मी घरात कोणाला बोललो नाय, बाई. नसीमाला पण नाय. तुमची पोरांमध्ये इज्जत हाय."

हात मोडलेला माणूस माझी अब्रू सांभाळत बसला होता... इतके महिने.

चहा कसाबसा संपवला आणि नसीमाला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. ती कप उचलून आत गेली. आज इथे तुम्हालाही सांगतेय. चाचा, तुमचे उपकार आहेतच... पण ही गोष्ट तुम्ही झाकून ठेवायची नाही, मी सांगायची आहे.