सहा किलोवरचा आकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे दशांशबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिच्या कानावर ते आलं होतं आणि मनातून तिला आवडतही होतं. वजनकाटे आणि दाबमापकं तपासून दाखला द्यायचा, हे तिचं काम. शेजारच्या टेबलावरच्या कुणी ०.०४ ला "शून्यच समजा" म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडे. "समजायचंच असेल तर यंत्र कशाला घेतलं?" असं ती विचारी आणि समोरचा मुकाट्यानं पुन्हा मोजायला बसे. घरी नवरा शिंपी, शिवणीत दोन बोटं कापड सोडणारा. या दोघांचं बावीस वर्षं जमलं कसं, हे कोडंच आहे.

अशा बाईकडे विद्यापीठाच्या अभ्यासक्रम समितीनं एक पाठ्यपुस्तक अभिप्रायासाठी पाठवलं. मापन आणि सेन्सर हा विषय, चारशे दहा पानं, अजून छापायचं होतं. परीक्षक तिघं. पहिल्या दोघांनी दोन-दोन ओळींत "उत्तम" लिहून हात झटकले होते. आता सगळं तिच्या शेऱ्यावर अडलं होतं आणि तो सोमवारपर्यंत पोचायला हवा होता. अभ्यासक्रम पाच वर्षांनी एकदाच बदलतो. या खेपेला पुस्तक लागलं नाही तर पुढच्या खेपेपर्यंत लेखक ऐंशीच्या घरात जाणार होते. आणि लेखक म्हणजे तिचे स्वतःचे सर.

नियमानं परीक्षक कोण हे त्यांना कळायला नको होतं, पण अशा गोष्टी कुठे लपतात. सरांचा फोन आलाच. तू आहेस म्हणजे मला घोर नाही, असं ते म्हणाले आणि अकरा वर्षांत पुस्तक किती वेळा पुन्हा लिहिलं ते सांगत बसले. तिनं नुसतं हं-हं केलं. कारण त्याच्या आदल्या दिवशीच ती दोनशे बाराव्या पानावर पोचली होती.

तिथपर्यंत पुस्तक तिला मनापासून आवडलं होतं. दुसरे लेखक सूत्र देऊन मोकळे होतात. सर मात्र तार सैल झाली तर आकडा कसा नाचतो, घाम आलेल्या बोटांनी सेन्सरला हात लावला तर काय होतं, हे सांगत होते. प्रवाह मोजण्याचं प्रकरण जुनाट होतं, सरावाला गणितं कमी होती. तिनं समासात लाल शाईनं तसं लिहिलं होतं. आणि मग ते पान आलं.

पानावर एक तक्ता होता. पोलादी पट्टीवर वजन टाकलं की ती केसभर वाकते, तिच्यावर चिकटवलेला सेन्सर ते ओळखतो आणि पडद्यावर आकडा येतो. एकेक किलो वाढवत दहापर्यंत जायचं, त्या चढत्या नोंदी. मग एकेक किलो काढत खाली यायचं, त्या उतरत्या. उतरताना आकडे थोडे वेगळे येतात, कारण पट्टी आधीचं ओझं लगेच विसरत नाही. प्रयोग असतो तो एवढ्यासाठीच. पण तक्त्यात दोन्ही रांगा जवळजवळ सारख्या होत्या. आणि सहा किलोवर, जिथे किलोमागे अर्ध्याच्या हिशेबानं साधारण तीन यायला हवं, तिथे दोन्हीकडे ३.०७ होतं.

ते आकडे तिचेच होते.

सव्वीस वर्षांपूर्वी, कॉलेजात सरांच्या प्रयोगशाळेत सहावं वजन ठेवताना तिचा कोपर टेबलाला लागला होता. आकडा उडाला, तो तिनं तसाच लिहिला. दहापर्यंत गेली आणि घड्याळाकडे पाहिलं. मैत्रिणी सिनेमाची तिकिटं घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. उतरत्या नोंदी तिनं घेतल्याच नाहीत. चढत्याच उलट्या क्रमानं उतरवल्या, खरं वाटावं म्हणून शेवटचा आकडा एकानं इकडे-तिकडे केला. सहापाशी मात्र घाईत ३.०७ तसाच राहिला. माणसाचा कोपर एकदा लागतो. जाताना आणि येताना त्याच जागी लागत नाही. कारण काही मोठं नव्हतं हो, सिनेमा होता. आणि तो कोणता, हेही तिला आता आठवत नव्हतं.

सरांनी ती वही वर्गात वर धरून दाखवली होती, नोंदी अशा हव्यात म्हणून. पुढे त्यांच्या नोट्समध्ये तो तक्ता गेला, नोट्समधून पुस्तकात आला. आता तर सहा किलोवरच्या धक्क्याचं त्यांनी दीड पान शास्त्रीय स्पष्टीकरण दिलं होतं. धक्का दोन्ही वेळा आला, अर्थात तो पट्टीच्या अंगचाच गुण, असं. तिनं ते दोनदा वाचलं. इतकी सुरेख भाषा तिच्या कोपरावर खर्ची पडली होती.

दोन दिवस तिनं पुस्तक उघडलं नाही. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो काजं करत होता. कोणाला कळणार आहे, म्हणाला. म्हाताऱ्याचं पुस्तक लागेल, तुझ्या सहीवर कोणी बोट ठेवणार नाही, हात दाखवून अवलक्षण कशाला? तिला ते पटलं, खोटं कशाला बोला. झाकली मूठ सव्वा लाखाची. शुक्रवारी सकाळी तिनं "शिफारस आहे" असं पेन्सिलीनं लिहूनही टाकलं.

त्याच संध्याकाळी मुलगी कॉलेजातून तणतणत आली. ती आईच्याच जुन्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, पट्टीही तीच जुनी. प्रयोगवही तिनं टेबलावर आपटली.

"सहा किलोवर तीन पॉइंट शून्य सात येतच नाही, आई. चार वेळा केलं. जाताना तीन पॉइंट शून्य एक येतं, येताना तीन पॉइंट एक एक. मॅडम म्हणतात, नोट्सशी जुळत नाही, परत कर. सगळे नोट्समधूनच उतरवतात. मी पण उतरवू का?"

तिनं वही उघडली. पानावर लाल शाईत "परत करा" होतं. वर्षानुवर्षं लोकांच्या काट्यांना नापास करणाऱ्या या बाईला स्वतःची वही तपासणारं कोणी भेटलं नव्हतं, ते काम घरातल्या पोरीनं केलं. उतरवू नकोस, एवढंच ती म्हणाली. मग पेन्सिलीची ओळ खोडली आणि शाईनं शेरा लिहायला बसली.

शनिवारी सकाळी तिनं सरांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, कौतुक ऐकायला आल्यासारखे. तेच लांब टेबल, तीच पट्टी, गंजू नये म्हणून तेल लावलेली. तिनं दोनशे बारावं पान उघडून पुढे ठेवलं.

"सर, सहा किलोवरचा धक्का पट्टीचा नाही. माझा कोपर आहे."

सरांना कळलं नाही. तिनं सगळं सांगितलं, सिनेमासकट. ते ऐकत होते, चष्मा हातात धरून. मग एवढंच विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? तुम्ही वही वर धरलीत, मग जीभच उचलेना, असं ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रडण्याचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं.

सरांनी तक्त्यातल्या ३.०७ वर बोट ठेवलं.

"वह्या मी परत पाठवल्या," ते म्हणाले. "दर वर्षी. ज्यांचं खरं होतं त्यांच्याच."

मग शेरा काय दिलास, असं त्यांनी विचारलं. या स्वरूपात शिफारस करता येत नाही, तिनं सांगितलं, आणि कारण माझ्या सहीनं लिहिलंय, चूक कोणाची तेही. सरांनी मान हलवली. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

ते उठले आणि वजनांचा डबा ओढला. दोन्ही हातांनी एकेक वजन ठेवत होते. ती लिहीत होती. दहापर्यंत गेले. मग उतरायला लागले, आणि दोघांपैकी कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. सहावर जाताना ३.०१, येताना ३.११. शेवटचं वजन काढल्यावर पडद्यावर ०.०४ उरलं. सरांनी थोडं थांबून पाहिलं. आकडा हलला नाही.

"लिही," ते म्हणाले.

तिनं लिहिलं. मग पिशवीतून मुलीची वही काढून शेजारी ठेवली. सर बोट ठेवत एकेक आकडा जुळवत गेले. "परत करा" वर त्यांनी काट मारली आणि खाली सही केली. आता या सहीला इथे कोणी विचारत नाही, असं स्वतःशीच पुटपुटले.

"कोणाची वही?"

"माझ्या मुलीची."

त्यांनी पुस्तकातलं दीड पान सरळ रेषा ओढून खोडलं. वही मिटून तिच्या हातात दिली.

"तिला विचार, तिच्या नोंदी पुस्तकात घेतल्या तर चालतील का. तुझ्या घेतल्या तेव्हा मी काहीच विचारलं नव्हतं."