निलेशचा ट्रेलर आणि आम्ही पाच जण

सहलीचे फोटो आम्ही फार तर दोनदा बघतो. किस्से मात्र दर वेळी कुणीतरी काढतोच. कुणी नवीन पाहुणा आला की चहाबरोबर एक, जेवणाबरोबर दोन, आणि पाहुणा चपला घालत असताना आणखी एक. गेल्या मे महिन्यात आम्ही ट्रेलर घेऊन पनवेलहून थेट केरळपर्यंत गेलो, तेव्हापासून तर विचारूच नका.

आम्ही म्हणजे पाच जण. मी वैशाली, पनवेलच्या एका शाळेत शिकवते. माझा नवरा निलेश, त्याचं कळंबोलीला ट्रक-टेम्पोच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. आमची सहावीतली स्वरा. निलेशची मोठी बहीण मनीषाताई, त्या नर्स आहेत. आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई.

खरं तर ही सहल आईंसाठीच होती. सासरे गेले आणि त्यानंतर आई घराबाहेर पडेनाशा झाल्या. आमचं घर खारघरला, ओवे गावाच्या कडेला. तिथून बाजार काही लांब नाही, पण त्या तिथेही जाईनात. निलेशने महाबळेश्वर म्हणून पाहिलं, गोवा म्हणून पाहिलं. उत्तर एकच, "घर सोरून मी कुठं येनार नाय."

"बरं," निलेश म्हणाला, "मग घर घेऊनच जाऊ."

आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला. तीन-चार महिन्यांनी त्याने दारात एक पांढराशुभ्र ट्रेलर आणून उभा केला. बोलेरोच्या मागे जोडायचा, आत झोपायच्या फळ्या, गॅसचा ओटा, पाण्याची टाकी, पुढे-मागे दोन दरवाजे. कागदपत्रंसुद्धा रीतसर.

आई आत गेल्या. सगळं बघितलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "तवा कुठं ठेवशील?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मसाल्याचा डबा आत नेला, मग सुकट, मग पापड. येणार का, असं कुणी त्यांना विचारलंच नाही.

•

निघालो त्या दिवशी आईंना पनवेलच्या बाजारातल्या त्यांच्या नेहमीच्या दुकानातलीच हळद हवी होती. निलेशने गाडी आत घातली. हळद घेतली, आणि आता मागे यायचं होतं.

ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. निलेशने आयुष्यात कितीतरी बॉड्या बांधल्या, पण ट्रेलर रिव्हर्स कधी घेतला नव्हता. तो डावीकडे वळवायचा, ट्रेलर उजवीकडे जायचा. पाच-सहा रिक्षावाले उतरून आले. एक म्हणे उलटं घ्या, दुसरा म्हणे अजून उलटं, तिसरा ट्रेलरवर हात आपटून थांबा थांबा ओरडत होता. ट्रेलर गल्लीत आडवा. मागे हॉर्न.

बराच वेळ हे बघत बसलेला एक म्हातारा रिक्षावाला शेवटी जवळ आला.

"कुठं निघालाय?"

"केरळला."

"मग मागं कशाला येताय? पुढनं रस्ता आहे की."

खरंच होता. समोरून वळून आम्ही हायवेला लागलो. पुढचे दोन दिवस निलेशने गाडी फक्त पुढे नेली.

•

ट्रेलरमधल्या संडासाचा निलेशला भारी अभिमान. फायबरचा, बारीकसा, अगदी विमानातल्यासारखा. आईंनी दार उघडून बघितलं आणि लावून टाकलं. "चुलीच्या बाजूला? नाय."

विषय संपला. देवगडला आंब्याच्या पेट्या घेतल्या, त्या तिथे ठेवल्या. मग तांदूळ तिथे गेला, मग कांदे. गोव्यात आम्ही एका गृहस्थांच्या माडाच्या वाडीत मुक्काम केला. त्यांना ट्रेलर बघायची फार हौस. निलेशने सगळा फिरवून दाखवला आणि शेवटी, "हे आमचं टॉयलेट," म्हणून दार उघडलं.

आत आंब्याचा घमघमाट. त्या गृहस्थांनी आत डोकावून पेट्या, तांदूळ, कांदे बघितले. मग सभ्यपणे म्हणाले, "आमच्याकडे साधंच आहे. पण वापरा तुम्ही."

•

मनीषाताईंनी स्वतःची छोटी गाडी आणली होती. चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नाही हे ठरलेलं, त्यामुळे आई कधी आमच्या बोलेरोत, कधी ताईंच्या गाडीत.

गोव्यात एका मासळी बाजाराशी थांबलो. थोड्या वेळाने निघालो. कारवार यायच्या आधी चहाला उतरलो, तर ताई म्हणाल्या, "आईला उठव ना, झोपली का?"

मी म्हटलं, "तुमच्याकडे आहेत ना?"

ताईंच्या हातातला कप तसाच राहिला. आईंकडे फोन नव्हता. घराबाहेर न पडणारी बाई, अनोळखी गाव, बोली वेगळी. ट्रेलर तिथेच सोडून आम्ही ताईंच्या गाडीत बसलो. ताई गाडी चालवता चालवता रडत होत्या, निलेश स्वतःलाच दोष देत होता. सहलीची कल्पना त्याची होती ना.

बाजारात पोचलो. आई एका कोळणीच्या शेजारी पाटावर बसल्या होत्या. पदर खोचलेला, हातात कोयता, समोर मोठी सुरमई. त्यांचं माहेर उरणच्या खाडीकडचं, मासळीतच वाढलेल्या. ती बाई कोकणीत बोलत होती, आई आपल्या बोलीत.

आम्हाला बघून आईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "इतक्या लवकर आलाव?"

आपण मागे राहिलो होतो हे त्यांना कळलंच नव्हतं. आम्ही काहीतरी आणायला गेलोय, असंच त्या धरून चालल्या होत्या. ताईंनी त्यांना मिठी मारली, तेव्हा हाताला मासे लागलेत म्हणून त्यांनी ताईंना बाजूला केलं.

गाडीत मी विचारलं, "आई, एवढा वेळ काय बोलत होतात?"

"सुनांचं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

•

कर्नाटकात एका खेड्याबाहेर देवळाजवळ मुक्काम पडला. सकाळी दार उघडलं तर समोर रांग. बायका, कडेवर पोरं, काठी टेकत आलेले म्हातारे. पांढरा ट्रेलर, त्यावर निलेशने हौसेने मारलेला लाल पट्टा. त्यांना वाटलं, फिरता दवाखाना आला.

आम्हाला कन्नड येत नाही. निलेश हात हलवून नाही नाही सांगत होता. एका आजोबांनी त्याच्यासमोर जीभ बाहेर काढली.

मनीषाताई नाश्त्याचा डबा खाली ठेवून उठल्या. आईंसाठी आणलेलं बीपीचं मशीन काढलं, खुर्ची मांडली आणि एकेकाचं बीपी तपासू लागल्या. आकडा ठीक असला की हसायचं, नसला की बोटाने मीठ कमी करायची खूण करायची. एका गरोदर बाईचं बीपी बघून मात्र ताई हसल्या नाहीत. दोनदा तपासलं. हिंदी येणारा एक दुकानदार गाठला आणि त्याला म्हणाल्या, "हिला आत्ता तालुक्याला न्या. उद्या नाही, आत्ता." त्याने गाडी काढली. ती बाई बसेपर्यंत ताई तिच्यासोबत उभ्या होत्या. संध्याकाळी त्या दुकानदाराचा फोन आला, ॲडमिट केलंय, ठीक आहे.

रांग संपता संपता निलेशही गंमत म्हणून खुर्चीत बसला. ताईंनी मशीन बघितलं.

"सगळ्या गावात जास्त तुझंच आहे."

त्या दिवसापासून सुकट बंद. आईंना ताईंचा अजून राग आहे.

•

केरळात मोबाइलने आम्हाला एका गल्लीत घातलं. दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंती, गल्ली पुढे निमुळती होत गेलेली. ताईंची गाडी निघून गेली, बोलेरो निघाली, ट्रेलर अडकला. एक चाक गटारात, अंग भिंतीला घासलेलं. मागे घ्यायचीही सोय उरली नाही. ताई गाडी पुढे लावून चालत आल्या. आई म्हणाल्या, वेळ लागनार हाय, मी आत पडते.

तेवढ्यात मागून मोटारी आल्या. फुलांनी सजवलेल्या. लग्नाचं देऊळ गल्लीच्या पलीकडच्या टोकाला, आणि मुहूर्त जवळ आलेला. वऱ्हाडातले एक काका मुंबईत नोकरी केलेले होते. ते हिंदीत म्हणाले, "दुसरा रस्ता फार लांबून आहे. वेळेत पोचणार नाही."

निलेश घामाघूम झाला. मग ट्रेलरकडे बघून म्हणाला, "मागचं दार उघडतो. आतून या, पुढच्या दाराने उतरा."

नवरी आधी चढली. मी पुढच्या दाराशी उभी होते, मला आतलं सगळं दिसत होतं.

आई दचकून उठल्या. नवरी बघितली आणि डोक्यावर पदर घेऊन त्या ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सासरे गेल्यापासून त्या कुठल्याच लग्नाला गेल्या नव्हत्या. शेजारच्या पोरीची हळद त्यांनी वरच्या खिडकीतून बघितली होती. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही उलट समजावलं होतं, पण त्या ऐकत नव्हत्या. इथे मात्र बाजूला व्हायला जागाच नव्हती.

नवरी त्यांच्या मागून निघाली आणि तिच्या साडीची जर एका कडीत अडकली. ती ओढायला गेली, धागा ताणला. हातभर बांगड्या, त्या अरुंद जागेत तिला वाकता येईना. ती रडवेली होऊन काहीतरी म्हणाली.

आईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आई, तुम्हीच सोडवा."

त्यांनी आधी हात पदराला पुसले. मग खाली बसल्या, सावकाश जर सोडवली, धागा आत सारला, निऱ्या नीट केल्या. हात धरून तिला पुढच्या दारापर्यंत आणलं आणि खाली उतरवलं.

खाली उतरल्यावर नवरी वळली. वाकून आईंच्या पायांना हात लावला. आई मागे सरकल्या, तर पाठीला ओटा. नवरीने आपल्या वेणीतला मोगऱ्याचा एक सर तोडला, पायरीवर चढली आणि आईंचा पदर जरा मागे करून तो त्यांच्या अंबाड्यात खोवला. मग ती देवळाकडे निघाली.

तिच्यामागे सगळं वऱ्हाड ट्रेलरमधून गेलं. बायका, म्हातारे, सनईसारखं लांब वाद्य सांभाळत दोघे वाजंत्री. काका शेवटी उतरले, आईंना नमस्कार करून काहीतरी बोलले आणि घाईने गेले.

गल्लीतली गर्दी सरली. आई दारात उभ्या होत्या. एक हात अंबाड्याकडे गेला, गजऱ्याला लागला आणि तसाच खाली आला. ताई बघत होत्या, निलेश बघत होता, मीही.

आई पायरीवर बसल्या.

"वैशाली, माज्या चपला दे," त्या म्हणाल्या. "जेवाय बोलवलंय आपल्याला."