कुसुमआजींचे हुक

आमच्या वृद्धाश्रमातल्या कुसुमआजी सकाळी खाटेवर बसून ब्लाउजचे हुक स्वतः लावायच्या. एक हुक अडकेपर्यंत बोटं कितीदा तरी घसरायची. मी साडी हातात घेऊन समोर उभी. जरा चुळबुळ केली की म्हणायच्या, "तुझी काय एसटी सुटतेय का गं?"

तेवढ्यात दारातून मॅडमचा आवाज यायचा. "अगं, लावून टाक ना! अजून सगळ्या खोल्या राहिल्यात." मग मीच पटापट हुक लावायची आणि आजी तोंड फिरवायच्या.

मॅडमना काय बोलणार? आठवीत शाळा सुटलेल्या मला, गावापासून इतक्या लांब, त्यांनीच काम दिलं, राहायला खोली दिली. ते उपकार मी विसरत नाही. पण जीव चडफडतो. ही बोटं रोज चालली नाहीत तर एक दिवस थांबतीलच, याची धास्ती वाटते. चहा आम्हीच निववतो, पोळी आम्हीच कुस्करतो, आणि त्याला सेवा म्हणतो. माणसाच्या हातातलं एकेक काम इतक्या मायेनं काढून घेतो, की त्याला भांडायलाही जागा राहत नाही. कधीकधी नुसतं थांबून राहणं हीसुद्धा सेवाच असेल. पण तेवढा वेळ कुणाकडे आहे?

आज खोलीत गेले, तर आजींनी हुकांना हातच लावला नव्हता. मला बघून त्यांनी लहान मुलीसारखे दोन्ही हात बाजूला धरले. म्हणाल्या, "लाव बाई."

मागून मॅडम हसल्या. "बघ, झाल्या की नाही शहाण्या?"