अण्णांची कलती मान

बातमी आली तेव्हा मी मोशीच्याच बसमध्ये होतो, अण्णांकडेच निघालेला. वहिनींचा फोन. "भाऊजी, तुमचं अण्णा गेलं... खुर्चीतच." खिडकीपाशी, समोरच्या शाळेकडे तोंड करून ठेवलेली ती खुर्ची. त्या खुर्चीशिवाय मला अण्णा आठवतच नाहीत.

राज्याचा शिक्षण संचालक निवडणाऱ्या समितीचे अण्णा अध्यक्ष, मी साधा सदस्य. उमेदवार फुशारक्या मारू लागला की अण्णा मान डावीकडे कलती करून नुसते बघत राहायचे. भलेभले ततपप करायचे. एकच जण म्हणाला, "सर, शाळा बंद करणं सोपं असतं, चालवणं अवघड." अण्णांनी त्यालाच निवडलं. पुढे त्याच्या कामावरची देखरेखही अण्णांकडेच आली आणि संचालकसाहेब दर महिन्याला मोशीला येऊन त्या खुर्चीसमोर हिशेब देऊ लागले. मग याच गृहस्थांनी चाकणकडच्या एका वस्तीवरची शाळा, पोरं कमी म्हणून, बंद करायचा आदेश काढला. "माझीच निवड चुकली, राव," अण्णा म्हणाले. तेव्हापासून त्यांचं जेवणावरचं मनच उडालं. मला संचालकांचा भयंकर राग आला होता, आणि तो मी लपवलाही नाही.

दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंडाला कावळा शिवेना. "आईला सांभाळीन," मुलगा म्हणाला. "जमीन इकणार न्हाई," पुतण्या म्हणाला. पलीकडच्या झाडावर कावळेच कावळे होते, पण एकही ओरडत नव्हता. संचालक गर्दीत मागे उभे होते. वहिनी त्यांच्याकडे वळल्या. "सायेब, तुमी बोला. त्यांचा जीव तिथंच अडकलाय."

ते पुढे आले, हात जोडले. "सर, ती शाळा बंद होणार नाही." एक कावळा खाली उतरला. पिंडाजवळ बसला... आणि मान डावीकडे कलती करून संचालकांकडे बघत राहिला. "नुसतं तोंडी चालत न्हाई त्यांना," वहिनी पुटपुटल्या. संचालकांनी मोबाइल काढला आणि तिथूनच कचेरीला सांगितलं, आदेश मागे घ्या. फोन खिशात जाईपर्यंत कावळा पिंडाला शिवला होता.

योगायोग असतात, असं मी सगळ्यांना सांगतो. गेल्या आठवड्यात मात्र संचालक पुन्हा मोशीला आले आणि त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसले. शाळा चालू राहिली, नव्या बाई रुजू झाल्या, असं म्हणून थांबले. वहिनी आत चहा टाकत होत्या. मी काहीच विचारलं नव्हतं...

"नाही सर," खुर्चीकडे बघत संचालक खालच्या आवाजात म्हणाले, "छत अजून गळतंय. पुढच्या वेळी करूनच येतो."