एकतीसनंतर अठरा

माझी मोठी जाऊ सव्वीस वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे टेबलाशी बसली. पेशंटचं नाव, वय, दुखणं कार्डावर लिहायचं, हे तिचं काम. मी तिला ताई म्हणते, बाकी घर टाचणी म्हणतं, कारण हाती आलेला कागद ती टाचल्याशिवाय सोडत नाही. निवृत्त झाल्यावर तिने सासरच्या घराण्याची वंशावळ करायला घेतली. मला वाटलं, बाईला रिकामपण खायला उठलंय.

जन्ममृत्यूच्या नोंदी जिथे ठेवतात त्या कचेरीत एकदा मीही तिच्याबरोबर गेले. तळघरातली खोली. उंदरांच्या मुताचा वास, कोपऱ्यात कोणीतरी थुंकलेलं, रजिस्टरांच्या पानांत झुरळं चपटी होऊन वाळलेली. मी नाकाला रुमाल लावून उभी होते. ताई शांतपणे पानं उलटत होती.

"हे बघ, पणजेसासऱ्यांची मुलं. चौथ्याच्या वेळी आईचं वय एकतीस. सव्वा वर्षाने पाचवं झालं, तेव्हा आईचं वय अठरा."

"कारकून झिंगला असेल," मी म्हणाले.

"मग सातव्याच्या वेळी पुन्हा सतरा कसं? आणि नाव तिन्ही वेळा तेच. बायका वय चोरतात गं, मी आयुष्यभर तेच लिहिलं. दोन वर्षं चोरतात, फार तर पाच. तेरा-चौदा कोणी चोरत नाही."

मृत्यूच्या रजिस्टरात त्याच नावाच्या दोन बायका सापडल्या. दोघीही बाळंतपणात गेलेल्या.

पणजेसासऱ्यांची धाकटी मुलगी अजून आहे, नव्वदीची. आम्ही तिला आत्याआजी म्हणतो. ताईने तिला विचारलं, तर ती हसली.

"त्यात काय एवढं? आमच्या आजीच्या जिभेवर पहिल्या सुनेचं नाव बसलेलं. दर खेपेला नवं कुठून बसवायचं? आईला आल्या आल्या सांगितलं, तुझं नाव आता हे. आईच्या आधी एक आली होती, तिलाही तेच. पलंग तोच, कपडे तेच, चपलासुद्धा आधीच्या सुनेच्या. आईला मोठ्या व्हायच्या, मग पुढे कापूस कोंबायची."

"आणि आईचं आधीचं नाव काय होतं?" ताईने विचारलं.

आत्याआजी म्हणाली, "मी कधी विचारलंच नाही गं." आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

उशी बदलताना माणूस निदान अभ्रा तरी नवा घालतो. लग्न झाल्यापासून हॉलमधल्या पणजेसासूच्या ज्या फोटोला मी नमस्कार करत आले, ती तिसरी. माझा नवरा आणि भाऊजी पहिलीच्या वंशातले, आणि तिचा चेहरा कोणालाच माहीत नाही.

ताईने वंशावळीत पणजेसासऱ्यांशेजारी तीन चौकटी काढल्या. पहिलीत नाव. दुसरीत आणि तिसरीत लिहिलं, 'नाव शोधत आहे'.

छपाईचं काम आमच्या चुलत सासऱ्यांकडे होतं. ते निवृत्त हेडमास्तर. ते पेन्सिल घेऊनच आले. चहात बिस्कीट बुडवून खात होते, आणि त्याचा लगदा तक्त्यावर गळत होता.

"सूनबाई, या तीन चौकटी कसल्या? लोक काय म्हणतील?"

"तीन बायका होत्या म्हणतील. होत्याच ना, काका."

"एका वेळी एकच होती. म्हणून चौकट एक. वंश पुरुषाचा चालतो. नावही एकच आहे, उगाच घोटाळा कशाला?"

"तुम्ही तिसरीचे नातू. तुम्हाला तुमच्या आजीचं नाव नको?"

"आम्ही आजी म्हणायचो. नावाची कधी गरज पडली नाही." त्यांनी बोटाने लगदा पुसला, तो दुसऱ्या चौकटीवर फासला गेला, आणि वर पेन्सिलीने फुली मारली.

भाऊजी पेपरात डोकं घालून बसले. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे ना वहिनी, छापून तर होऊ दे." आणि मी, सकाळसंध्याकाळ देवाचं नाव घेणारी, काकांना आणखी चहा हवा का विचारलं. त्या सगळ्यांची किळस आली होती, त्यात माझीही भर पडली.

दोनशे प्रती छापल्या. चौकट एकच. खाली बारीक अक्षरात ताईचं नाव, 'साहाय्य' म्हणून. सगळे नातेवाईक जमले, तक्त्यात आपापलं नाव शोधून खूश होऊन गेले. त्या दोघींसाठी मी देवापुढे हात जोडते, पण कोणत्या नावाने, ते कळत नाही. त्याला ठाऊक असेल. त्याच्यावर ढकलून मोकळं व्हायचीही आता लाज वाटते.

उरलेला गठ्ठा ताईने उचलला, तसे काका फुलले. "वा, माहेरी वाटणार वाटतं?"

"नाही," ताई म्हणाली. "पाठकोरे आहेत. अजून दोन नावं शोधायचीयत, लिहायला कागद लागेल."