प्रेसवरची पाचर

शेवटच्या वर्षाला आम्हाला एका पेपरऐवजी प्रकल्प होता. कंपनी गाठायची, तिथली अडचण आपण शोधायची, आणि शंभरातले पन्नास गुण कंपनीचे मॅनेजर देणार. आम्ही तिघी मैत्रिणी. मी पाटसहून बसनं यायची. कारखाना शिरूरकडचा, पत्र्याचे भाग दाबून काढणारा. एका जुन्या प्रेसवर बाकीच्यांपेक्षा जास्त माल निघायचा. तो का, हे आम्ही विषय म्हणून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात मला दिसलं. ती प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय चालत नाही, म्हणजे हात आत राहत नाही. पण एका बटणात लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. मोकळा हात पत्रा सरकवायचा.

मशीनवर वडगाव रासाईचे एक मामा असायचे. त्यांनी मला बघताना पाहिलं.

"पोरी, हे कागदावर घालू नगंस. टारगेट भागत न्हाई म्हणून करतो. हौस न्हाई मला."

"मामा, हात जाईल तुमचा."

"नोकरी गेली तर हात घिऊन काय करू?"

मैत्रिणी म्हणाल्या, माल ठेवायची जागा जवळ आहे, तेवढंच लिहू. तेही खोटं नव्हतं. मी मान डोलावली.

सादरीकरणाला मॅनेजर होते, आमचे सर होते. मॅनेजरनी विचारलं, "माल जवळ ठेवल्यानं एवढा फरक पडतो?"

मी पाचरीचं सांगून टाकलं.

"कुणी मारली?"

"दोन्ही शिफ्टला असते, सर. काढली तर टारगेट होत नाही. आम्ही वेळ मोजून बघितलाय."

"मी नाव विचारलं."

"नाव नाही सांगणार, सर."

आमचे सर टेबलाकडं बघत राहिले. मॅनेजरनी फाईल मिटली. "या तुम्ही."

कंपनीकडून तिघींनाही पन्नासपैकी एकवीस आले. पास झालो, पण एक मैत्रीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिला तिथंच नोकरी हवी होती.

गेटपास परत द्यायला गेले तेव्हा त्या प्रेसची बटणं बदलत होते. मामांना पॅकिंगला टाकलं होतं. मी जवळ गेले.

"आता बोटं तरी ऱ्हातील," ते खोक्याला पट्टी लावत म्हणाले. रागानं म्हणाले की बरं वाटून, मला कळलं नाही. मान त्यांनी वर केली नाही.