पोपटीतली खुर्ची

श्रीमंत बाई कशी बसते, कशी नाक मुरडते, याची नक्कल मी झकास करतो. गेल्या थंडीत रोह्याला ताईच्या शेतावर पोपटी होती आणि तिची पेणची बालमैत्रीण येणार होती. ताईने सकाळपासून माझ्याकडून ती नक्कल पुन्हा पुन्हा करून घेतली. पोट धरून हसली, मग डोळे पुसत म्हणाली,

"तशीच झाली असणार रे ती. धरमतरच्या खाडीत नवऱ्याचे मालवाहू बार्ज चालतात. आपल्यात जमिनीवर बसेल व्हय?"

लहानपणी दोघी एका ताटात जेवायच्या. पण आता ताईचा नवरा कंपनीत कंत्राटावर, घरावर पत्रे. मैत्रिणीची नजर त्या पत्र्यांवर जाण्याआधीच ताईने तिला गर्विष्ठ ठरवून टाकलं होतं.

पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरायच्या, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा आणि मग सगळ्यांनी मातीत गोल बसून बोटं काळी करत खायचं. ताईने मैत्रिणीसाठी एक खुर्ची मांडली. कोलाडच्या हॉटेलातून पनीर मागवलं. बाटलीचं पाणी आणलं.

मैत्रीण आली ती साध्या सुती साडीत. "अगो, खाली बसते ना मी!"

"नको गो, साडी खराब होईल. तुला आता सवय नाय."

ती खुर्चीत बसली. मडकं रिकामं झालं, धुराचा वास शेतभर पसरला. आम्ही सगळे खाली गोलात, आणि ती वर, मांडीवर पनीरची ताटली घेऊन.

मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. "आमच्याकडे पोपटी लावायला कोणाला वेळच नाय रे," ती म्हणाली. "पोपटीसाठीच आलेली मी."

मी परत येऊन ताईला सांगितलं. "तोंडदेखलं बोलली असेल," ताई म्हणाली. "एका तरी शेंगेला हात लावला तिने?"

तिच्यापुढे शेंगा कोणी ठेवल्याच नव्हत्या.

या थंडीत ताईने तिला पोपटीला बोलवायला पुन्हा फोन केला. "नको गो, माझ्यापायी उगाच धावपळ होते तुझी," मैत्रीण म्हणाली. ताईने फोन ठेवला.

"बघितलंस? मोठी माणसं! कर रे ती नक्कल."

मी उठलो. त्याच खुर्चीत टेकलो, पदर सावरला, नाक मुरडलं. अगदी रंगात आलो होतो.

ताई हसली नाही. ती खुर्चीकडे बघत होती.

"ती अशी नव्हती बसली रे," ती म्हणाली.